पोटाची झडती

चिमाबाई जात्यावर बसली की ओवी आपोआप गळ्यात येई. नवरा वारल्यावर लेकाला घेऊन ती सोलापूरच्या गिरणीचाळीत आली, त्याला बारा वर्षं झाली. मेंढरं वळसंगच्या माळावर राहिली, ओवी मात्र तिच्याबरोबर आली.

रिकामा गं पाळणा, वारा देई त्याला झोका
कदी येशील निजाया, माज्या लेकाच्या रं लेका

“मायाक्का, चार वर्सं झाली की लग्नाला,” जातं थांबवून ती सुनेला म्हणाली. “बिरोबाला मेंढरू बोलले हाय मी. त्यो देव आईकतो का न्हाई?”

“आईकंल की, आत्या.”

मायाक्का घोंगड्याच्या आडोशाला लुगडं नेसत होती. नेसण्याआधी तिनं जाडाभरड्या मांजरपाटाची पट्टी पोटाभोवती घेतली, श्वास रोखला आणि आवळली. सहावा महिना होता. नवऱ्याला, सिदूला, ठाऊक होतं. त्याला तिनं शपथ घातली होती. जी बाई रोज पहाटे नातवाला हाका मारी, तिच्यापासूनच तो लपवायचा होता.

कारण चिमाबाई गिरणीच्या दारात झडतीला होती.

संध्याकाळी बायका बाहेर पडत तेव्हा कुणी लुगड्यात सुताची लड लपवली आहे का, हे ती चाचपून पाही. एकोणीसशे तीस सालाच्या सुमाराला गिरणीत नवा कायदा आला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही आठवडे बाईनं घरी बसावं आणि तिला भत्ता मिळावा. ते ऐकून चाळीतल्या बायकांनी गूळ वाटला. गुळाची चव तोंडात होती तोवरच गुरुसिद्धप्पा मुकादमानं चिमाबाईला बाजूला घेतलं.

“सूत बघताना पोटबी बघत जावा, चिमाबाई. कुणाचं हाताला लागलं तर नाव मला सांगा. फुडचं मी बघतो.”

पुढचं म्हणजे काय, ते महिन्याभरात कळलं. जिचं पोट हाताला लागे, तिचं नाव चौथ्या-पाचव्या महिन्यातच कमी होई. कधी धागा तुटल्याचं निमित्त, कधी उलट बोलल्याचं. बाई कामावरच नाही, तर भत्ता कुठला?

चिमाबाईनं अकरा नावं सांगितली. “मी न्हाई सांगितलं तर दुसरी सांगंल,” असं ती स्वतःला म्हणे, आणि जातं जरा जोरात फिरवी. सूनही त्याच गिरणीत रीळखात्यात होती; तिच्या मात्र खांद्याला नुसता हात लावून ती तिला पुढं सोडी. घरचीच ती, तिची झडती काय घ्यायची!

नळावर रंभाबाई भेटली. अकरांतली तिसरी.

“सरा गं, सरा! मुकादमाचा हात आला. आपापली पोटं झाका!”

बायका हसल्या. चिमाबाईनं घागर आपटली. “माज्यावर का दात खाती? नाव मुकादमानं काढलं.”

“व्हय की. तू निस्तं बोट दावलंस.” रंभाबाईचा आवाज एकाएकी खाली आला. “घरधनी कामाबिगर घरात बसल्यालं. आधीची दोन लेकरं भाकरीला ताटकळल्याली. तिसरं कुटनं सांबाळू? पोट पाडायची मुळी घेतली मी, चिमाबाई. चार दीस रगात थांबंना.”

कुणी हसलं नाही. मायाक्का तिथंच होती. तिनं घागर कमरेवर घेतली नाही, डोक्यावर घेतली.

त्या वर्षी चाळीत बारसं एकच झालं. म्हातारे म्हणत, यंत्रांच्या उष्म्यानं कुशी सुकल्या. कुणी म्हणे, शहरच्या पाण्यात दोष. बायका खाली बघून भांडी घासत.

मायाक्काचा हिशोब साधा होता. बाळंतपणाला महिना राहिला की डॉक्टरची चिठ्ठी घेऊन थेट साहेबापुढं जायचं. मग कामावरून काढायला गिरणीवाल्यांना सवडच मिळणार नाही. तोवर लपवायचं. आत्याला कळलं तर एक तर नाव सांगतील, नाहीतर खोटं बोलून स्वतःच्याच पोटावर पाय आणतील. दोन्ही नको. म्हणून पट्टी रोज एक वेढा घट्ट होत गेली.

एका संध्याकाळी मुकादम दारातच उभा राहिला.

“चिमाबाई, तुमच्या सुनंला झडती न्हाई म्हणून बाया कुरकुर करत्यात. आज माज्यासमोर घ्या.”

“घेते की. त्यात काय?”

तिनं मायाक्काच्या कमरेवर हात ठेवला. लुगड्याखाली कापड लागलं, तटतटून बांधलेलं, फळीसारखं. तिनं सुनेकडं पाहिलं. मायाक्काच्या कपाळावर घाम डवरला होता आणि डोळे म्हणत होते, आत्या, नको.

तेवढ्यात त्या फळीखालून काहीतरी हललं. मुंगसानं बिळात कूस बदलावी, इतकंच.

“काय हाय?” मुकादमानं विचारलं.

“काय न्हाई,” चिमाबाई म्हणाली. “जा गं फुडं.”

घरी येताच तिनं दाराला कडी घातली आणि पट्टीची गाठ सोडली. वेढ्यामागून वेढा निघत गेला. कातडीवर पट्टीचे काळेनिळे वळ उठले होते.

“माजे बाई, मला का सांगितलं न्हाईस?”

मायाक्कानं पट्टी गोळा करून बाजूला ठेवली. मग म्हणाली, “तुमाला सांगायचं म्हंजी गिरणीला सांगायचं की, आत्या.”

चिमाबाईनं वळांना तेल लावलं. पोटावर गाल टेकून ऐकलं. त्या दिवशी आवाज होता. दुसऱ्या दिवशीही क्षीण होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मायाक्काला कळा सुटल्या. मुलगा झाला. तो रडला नाही. सुईण म्हणाली, दिवस भरले नव्हते. का भरले नाहीत, हे कुणी विचारलं नाही. सिदूनं ते इवलं गाठोडं छातीशी धरून नेलं, आणि मायाक्काच्या उरात दूध उतरलं तेव्हा घरात प्यायला कुणी नव्हतं.

पंधरा दिवसांनी कायद्याची चौकशी करायला एक सरकारी बाई गिरणीत आल्या. रीळखात्यातल्या बायका रांगेनं उभ्या केल्या होत्या. बाईंनी वही चाळली.

“वर्षभरात भत्त्याचा एकही अर्ज नाही?”

“काय सांगावं, बाई,” साहेब हसून म्हणाले. “हल्ली आमच्या बायकांना मुलंच होत नाहीत. जन्माचं प्रमाणच घटलंय. सगळीकडं तेच आहे.”

“घटलं न्हाई,” दाराजवळून आवाज आला. “आमी घटीवलं.”

चिमाबाई पुढं आली. मुकादमानं डोळे वटारले. तिनं तिकडं पाहिलं नाही.

“लिवा, बाई. सखू. अंबू. रंभाबाई. पोट दिसलं की नाव मी सांगायची, काढायचे ह्ये.” एकेक नाव घेत ती अकरावर आली आणि थांबली. “बारावी माजी सून. तिचं मी सांगितलं न्हाई. तिनं माज्या भ्यानं पोराला पोटातच आवळलं.”

बाईंची लेखणी थांबली. “या बायका आता इथं कामाला नाहीत. आत्ता कामावर आहे अशी कुणी आहे का?”

रांग दगडासारखी उभी राहिली. मग अक्कलकोटकडची एक पोरगेली कानडी बाई दोन पावलं पुढं आली. ओठ सुकलेले होते.

“शिवम्मा नागप्पा. चौथा चालू हाय माजा.”

“उद्या तुला काढतील, ठाऊक आहे ना?”

“ठाव हाय की. पर आत हाय त्याला न्हाई कसं म्हनू, अव्वा?”

बाईंनी नाव लिहिलं. दुसरी कुणी पुढं आली नाही. चिमाबाई मात्र जाऊन शिवम्माच्या शेजारी उभी राहिली. चिमाबाईचं काम त्याच संध्याकाळी सुटलं.

कायदा छापून झाला आहे, पण शिवम्माचे पाच महिने अजून जायचे आहेत. एक म्हातारी तिच्या बाजूला उभी आहे. पुरेल का एवढं, हे आता तुम्हां-आम्हांला विचारायचं आहे.