डोंगा सोड!

मी एक जुना डोंगा आहे. मित्रांनो, डोंगा म्हणजे फळ्या ठोकून केलेली होडी नव्हे बरं का! आंब्याचं एकच भलंमोठं खोड कोरून मला केलं. माझ्या अंगात एकही खिळा नाही, आणि याचा मला आजही तोरा आहे. गडचिरोलीच्या जंगलात वैनगंगेच्या एका घाटावर मी लोकांना अल्याड-पल्याड नेत असे. मला कोरलं सोमाजी ढिवराने आणि चालवलं त्याच्या मुलाने, लटारूने. ढिवर म्हणजे मासे धरणारे, डोंगे हाकणारे लोक.

काय थाट होता माझा! बाजाराची गाठोडी, बकऱ्या, नवरदेव, सगळे माझ्यातूनच जात. एकदा एका बकरीने भर नदीत नवरदेवाच्या मुंडावळ्या खाल्ल्या, तेव्हा हसून हसून मीच बुडणार होतो. दर वर्षी नदी भरू लागली की पहिल्या फेरीआधी माझ्या टोकाला शेंदूर लागे, नारळ फुटे.

आमच्या घाटाची एक बोली होती. मला पाण्यात ढकलायचं झालं की म्हणत, 'डोंगा सोड.' ढिवराच्या घरी डोंगा सोडणं म्हणजे कामाला निघणं. हा शब्द ध्यानात ठेवा, सगळा घोळ त्यानेच केला.

१९८२ साली पल्याडच्या दवाखान्यातल्या नर्स इंदुताई दर मंगळवारी माझ्यातून गावात येऊ लागल्या. त्या ख्रिस्ती होत्या. वाटेत लटारूला येशूच्या गोष्टी सांगत.

"ताई, मसीहा म्हंजे कोन जी?" लटारूने एकदा विचारलं.

"ज्याची लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली, तो," ताई म्हणाल्या. "पल्याडून कुणी हाक मारली की तू जातोस ना? तसा तो आपल्या हाकेला आला. आणि आपल्यासाठी त्यानं जीव दिला."

लटारूचं वल्हं थांबलं. मी प्रवाहात तिरका झालो, तरी त्याला भान नव्हतं.

येशूने आधी मासे धरणाऱ्यांना बोलावलं, आणि ते होड्या सोडून त्याच्यामागे गेले, हे ऐकून तर तो हरखूनच गेला. "आमचेच लोक म्हना की! होड्या सोडल्या अन् निंगाले!" त्याला वाटलं, येशूच्या मागे जायचं म्हणजे डोंगा पाण्यात घालून जोरात हाकायचा. त्या दिवशी त्याने मला असं पळवलं की ताईंची छत्री नदीत गेली.

वर्षभराने लटारूने आणि त्याच्या बायकोने, बायनाबाईने, त्याच नदीत बाप्तिस्मा घेतला. मग पावसाळा आला, नदी भरली. घाटावर गाव जमलं. गावाचे पंच देवराव शेंदराची वाटी घेऊन उभे राहिले.

"लटारू, लाव शेंदूर."

"देवरावभाऊ, मी आता येशूचा झालो. डोंगा धुतो, पुसतो. पर पूजा नाई करत."

लोक वाईट नव्हते, मित्रांनो. नदीने त्यांची माणसं नेली होती. पूजा न झालेल्या डोंग्यात बसायची त्यांना खरोखर भीती वाटत होती. देवरावांनी वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "मंग ऐक. तुया येशूले सोड, नाई तर डोंगा सोड."

इंदुताई काठावरच होत्या. लटारूने त्यांच्याकडे वळून विचारलं, "ताई, त्या मासे धरनाऱ्यायनं होड्या सोडल्या, म्हंजे टाकून देल्या होत्या काय?"

"हो रे लटारू," ताई म्हणाल्या. "टाकून दिल्या."

लटारूचा हात माझ्या काठावर होता. बापाच्या हातचा डोंगा होतो मी! "डोंगा सोडतो, भाऊ," तो म्हणाला आणि घरी गेला.

खरं सांगतो, मला त्याचा भयंकर राग आला. येशूचाही आला. मी जांभळाखाली पालथा पडलो. कोंबड्यांनी माझ्याखाली अंडी घातली. फेऱ्यांसाठी घाट गावातल्याच दसरूला मिळाला, त्याची फळ्यांची, खिळ्यांची नवी होडी माझ्यासमोर मिरवू लागली. लटारू जंगलात बांबू तोडायला जाऊ लागला. पण दर रविवारी प्रार्थना झाली की तो यायचा आणि मला मोहाच्या बियांचं तेल चोळायचा.

"काऊन लावता तेल? सोडला ना तो?" बायनाबाई विचारायची.

"सोडला म्हून काय वाळू देऊ?"

अशी तीन वर्षं गेली. शहाऐंशीच्या श्रावणात नदीतल्या बेटावर अठरा बाया भाताच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, गेल्या होत्या. देवरावांच्या पत्नी अंजनाबाईही त्यात होत्या. भर दुपारी वरच्या अंगाला झालेल्या पावसाचं पाणी आलं. वाहत्या ओंडक्याने दसरूच्या होडीची फळी फोडली. बेट आक्रसत चाललं. बायांचा आक्रोश घाटापर्यंत येत होता.

देवराव धावत लटारूच्या दारात गेले. हात जोडून ओरडले, "लटारू, डोंगा सोड!"

तेच शब्द! लटारू हसला, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना म्हणाला, "आता सोडतो, भाऊ!"

मला उलथवलं. तेलामुळे माझ्या अंगाला एकही तडा गेला नव्हता. "येशू, तू पुढं बस," लटारू म्हणाला. शेंदराची आठवणही कुणाला झाली नाही. लटारूच्या मदतीला एक लांब बांबू घेऊन देवराव स्वतः माझ्यात चढले. तीन फेऱ्या केल्या आम्ही! शेवटच्या फेरीला अंजनाबाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. अठराच्या अठरा बाया काठावर उतरल्या, तेव्हा घाटावर जो जल्लोष झाला, तो माझ्या लाकडात अजून घुमतो.

घाट लटारूला परत मिळाला, काहीही न सोडता. दसरू आणि तो आळीपाळीने फेऱ्या मारू लागले. दसरूच्या होडीवर देवराव नारळ फोडत, आणि लटारूची प्रार्थना संपेपर्यंत माझ्याजवळ थांबत.

आता पूल झाला आहे. प्रार्थनेच्या झोपडीच्या दाराशी मी पालथा असतो, लोक माझ्यावर बसतात. मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी जुनं, बाजूला पडलेलं असेल. त्याला वाळू देऊ नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. आणि ज्यांनी कधी तुम्हाला घाटावरून हाकललं, त्यांचीच हाक आली, तर मागचं काही काढत बसू नका. डोंगा सोडा.