पाच टाळकऱ्यांची नळी

एका नळीत पाच माणसं. धुळ्याच्या प्रयोगशाळेत करोनाच्या दिवसांत हाच रिवाज पडला होता. नमुने खोक्यांनी येत, मशीनं मोजकीच. मग पाच जणांच्या नमुन्यांतला थोडा थोडा अंश एका नळीत घालायचा. मशीनवरचा आलेख सपाट राहिला, म्हणजे लागण नाही, तर पाचही जण एका दमात सुटले. चढला, तर पाचांना पुन्हा वेगवेगळं तपासायचं.

तिथे नमुने तपासणाऱ्या रत्नाला ही रीत लहानपणापासून ओळखीची. तिचे वडील चिंधाआबा नरडाण्याजवळच्या गावात कीर्तनाला टाळ धरत. पाच टाळकरी मिळून पालुपद म्हणत. सूर हलला की बुवा हात वर करत आणि एकेकाला एकट्याने म्हणायला लावत. ज्याचा सूर गेलेला, त्याचा गळा भरल्या मांडवात आणखीच अडखळे. मग उरलेले चौघे कुणी न सांगता त्याची ओळ उचलून धरत. बुवा गालात हसत, कीर्तन पुढे चाले.

आता तेच बुवा तापाने दवाखान्यात होते आणि पाचही टाळकरी गावच्या शाळेत, एका वर्गात एक असे बसवलेले. त्यांचे नमुने सकाळी रत्नाच्याच टेबलावर आले. आबांना जुना दमा. रत्ना होळीपासून घरी गेली नव्हती. खोलीवर तिची वाट बघायला एक स्टोव्ह तेवढा होता.

दुपारी आबांचा फोन आला. "जेवनी का माय?"

"हो. तुम्ही?"

"आम्हे बठ्ठा मजामा शेतस. पाचीजण एकाच नळीमा ना? मंग भेव कसानं!"

तिसऱ्या प्रहरी आलेख चढला.

"ताई, मशीनकडे असं टक लावून बघू नका, लाजतं ते," हितेंद्र म्हणाला. तिच्या शेजारी काम करणारा हा मुलगा दिवसभर थट्टा करी. ती हसली नाही. मग त्यानेच पाच नवीन नळ्या पुढे सरकवल्या.

पाच रेषा पडद्यावर सरकू लागल्या. रत्नाने हातमोज्यांतच हात जोडले. 'पांडुरंगा, आबा नको.'

चार रेषा आडव्याच राहिल्या, त्यांत आबांची. पाचवी वर गेली. ती पितांबरनानांची होती. काल्याच्या लाह्या आधी रत्नाच्या ओंजळीत टाकणारे नाना. बायको गेल्यापासून घरात एकटेच.

रत्नाचा जीव भांड्यात पडला, आणि पडताक्षणी तिला स्वतःचीच लाज वाटली. आबा नको म्हणजे दुसरा कुणी चालेल, हे देवाला न सांगताही तिने सांगून टाकलं होतं.

अहवाल गावात पोचल्यावर तिने बाहेरच्या पडवीत येऊन फोन लावला. "आबा, घर गयात का?"

"नई. शाळाना बाहेर बठेल शे, निमखाले."

"तुमना दमा शे, आबा! घर जा ना."

"दूर शे मी. बाकीना थकनात, गयात. नाना एकलाच मझार, वर्गमा. पालुपद म्हने आन् गळा भरी ये त्याना. ओळ सोडीसन कसं जावानं?"

मग आबांनी फोन कट्ट्यावर ठेवला असावा. जवळून टाळ वाजला. थोड्या वेळाने लांबून, खिडकीच्या गजांमागून, दुसरा टाळ आला. एक ठोका मागे पडलेला, पण आला.

"तू बी धर वं," आबा मोठ्याने म्हणाले.

रत्नाने तोंड उघडलं. पडवीत कुणी नव्हतं, तरी आवाज फुटेना. तेवढ्यात आतून हितेंद्रची हाक आली, "ताई, नवीन खोकं आलंय!"

तिने फोन ठेवला, अंगावर पुन्हा तो पांढरा पोशाख चढवला, तोंडावर दोन मास्क, त्यावर काच. पाच नमुने उचलून एका नळीत घालता घालता तिने पालुपद धरलं. यंत्रांच्या घरघरीत ते कुणाला ऐकू गेलं नाही. काचेवर तेवढी वाफ धरली.