बेटावर जायची पँट

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाई मशीनवरचे. कोपऱ्यावरच्या दुकानात पाय मशीनवर आणि तोंड रस्त्याकडे, असा त्यांचा सगळा जन्म गेला. मित्र एकच, पण तो दहाजणांना पुरून उरेल असा. गल्लीतला वायरमन. लहानपणी तो क्षणात भडकायचा आणि क्षणात गप्प व्हायचा, म्हणून मास्तरांनी त्याचं नाव फ्यूज ठेवलं होतं. हे नाव वापरायचा हक्क जगात फक्त आपल्याला आहे, अशी मास्तरांची पक्की समजूत होती.

दुपारी चहाच्या वेळेला फ्यूज यायचा, इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बूड टेकवायचा, आणि दोघं बेटावर निघायचे. म्हणजे तोंडाने. भिंतीवर जुन्या कॅलेंडरचं एक पान चिकटवलेलं होतं. त्यात दूरच्या समुद्रातलं हिरवंगार बेट, किनाऱ्यावर घमेल्याएवढं कासव आणि त्याच्या पाठीवर खुशाल बसलेला लाल गळ्याचा पक्षी. तिथली माकडं हातातली टोपी पळवतात म्हणे. मग टोप्या न्यायच्या की नाही, बोटीत कुणी किती घोरायचं, खिडकीजवळची जागा कुणाची, यावर दोघांची रोज जुंपायची. एकदा तर खिडकीपायी फ्यूज अर्धा चहा टाकून तरातरा निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला तो "बस, तूच बस खिडकीत, मर एकदाचा" असं म्हणतच.

पण जायचा मुहूर्त काही लागला नाही. फ्यूज विचारायचा, "काय मास्तर, यंदा निघायचं का?" मास्तर दाताने दोरा तोडत म्हणायचे, "यंदा गणवेशांचं काम आहे रे. पुढच्या वर्षी बघू." फ्यूज मान हलवायचा आणि कपबशी विसळून ठेवायचा. मास्तरांना यात काही वावगं वाटत नसे. बेट काय, कुठे पळून जातंय?

मग फ्यूजच्या मुलीचं लग्न झालं आणि व्याही नावाचं प्रकरण सुरू झालं.

व्याह्यांचं औषधांचं दुकान होतं. माणूस काडीसारखा, वाऱ्याने उडेल असा, पण कामाला वाघ. फ्यूज एकदा त्यांच्यापाशी बेटाबद्दल सहज बोलून गेला, तर या गृहस्थांनी एका बैठकीत बोटीची तिकिटं काढली, राहायची सोय केली आणि वाटाड्याही ठरवून टाकला. फ्यूज दुकानात आला, स्टुलावर बसला आणि खाली बघत म्हणाला, "मास्तर, आम्ही बेटावर जातोय. मी आणि व्याही."

मास्तरांच्या हातातली कात्री तशीच राहिली. वर्षानुवर्षं घडी घालून जपलेलं कापड कुणीतरी येऊन टराटरा फाडावं, तसं त्यांना झालं. पण तोंडाने म्हणाले, "वा. छान. जाऊन या की." आणि त्या 'या'वर उगाच जोर दिला. फ्यूज आणखी काही बोलणार होता, पण मास्तरांनी मशीन इतक्या जोरात चालवलं की त्याचं बोलणं तिथेच राहिलं.

बरं, एवढ्यावर भागावं की नाही? व्याह्यांना पँट हवी होती, आणि तीही मास्तरांच्याच हातची. स्वतः माप द्यायला आले आणि आल्या आल्या फ्यूजच्या स्टुलावर बसले. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"फ्यूजराव म्हणाले, तुमच्यासारखी पँट कुणी शिवत नाही," व्याही म्हणाले.

फ्यूजराव! ठेवलं कुणी नाव, मिरवतंय कोण. त्यात माणूस गोड बोलणारा, चहाला चांगलं म्हणणारा, म्हणजे शिव्या द्यायचीही सोय नाही. मास्तरांनी त्यांच्या कंबरेला टेप लावली आणि मनात म्हणाले, ही काय कंबर आहे? हिला बांगडी बसेल.

व्याह्यांनी बेटाचे नियम सांगितले. कापड मातकट रंगाचं हवं, नाहीतर पक्षी बुजतात. पँटला खालून दुमड नको. कारण बाहेरचं एक बी जरी बेटावर पडलं तरी तिथलं रान बिघडतं. धक्क्यावर लोक खिसे उलटे करून, ब्रश मारून बघतात. कुठे काही सापडलं तर त्या माणसाला उतरू देत नाहीत. बाकीचे कासवं बघून येईपर्यंत त्याने बोटीत बसून राहायचं.

"आणि फ्यूजरावांचं माप?" व्याह्यांनी विचारलं.

"त्याचं माप मला तोंडपाठ आहे," मास्तर म्हणाले. "त्याला टेप लावायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही." आपल्याकडे असलेली आणि या माणसाकडे नसलेली एक तरी गोष्ट त्याला ऐकवता आली, म्हणून त्यांना जरा बरं वाटलं. व्याही काहीतरी बोलायला गेले आणि गप्प बसले.

दोन्ही पँटी मास्तरांनी झकास शिवल्या. हाताने खोटं काम त्यांना येतच नव्हतं. पण मन काही जागेवर नव्हतं. डोळ्यांपुढे सारखं तेच यायचं, की व्याही खिडकीत बसलेत, फ्यूज त्यांना टाळी देतोय, कासवापुढे दोघं गळ्यात गळा घालून फोटो काढतायत. दुकानामागच्या मोकळ्या जागेतून येताना मास्तरांच्या मोज्यांना गवताची कुसळं चिकटली होती. ती काढून टाकता टाकता त्यांचा हात थांबला. त्यांनी व्याह्यांची पँट घेतली, मांडीवरच्या खिशाचं झाकण उलटलं, आतल्या शिवणीत दोन कुसळं सरकवली आणि वरून एक बारीक टाका घातला. घालणाऱ्याला कळणार नाही, ब्रश मारणाऱ्याला सापडल्याशिवाय राहणार नाही. मग बस म्हणावं बोटीत.

फ्यूज पार्सल घेऊन गेला. मास्तर त्या दिवशी मशीनवर बसून चक्क शीळ घालत होते.

निघायच्या आदल्या दिवशी, चहाच्या वेळेला, दुकानाच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. मागून ऊन, चेहरा दिसेना, पण पँट मास्तरांनी लगेच ओळखली. तीच मातकट पँट, तीच काडीसारखी कंबर. आला वाटतं निरोप घ्यायला, असं मनात म्हणत मास्तर कोरडेपणाने बोलले, "या. बसा."

"मला कधीपासून अहोजाहो करायला लागलास?" तो माणूस म्हणाला.

आवाज फ्यूजचा होता.

मास्तर उठून उभेच राहिले. फ्यूज आत आला आणि चहाचा कप उचलून स्टुलावर बसला. "तू शिवलेली फार ढगळ झाली रे. व्याही म्हणाले, माझी तुम्ही घाला, मी तुमची पट्टा लावून घालतो. बघ, कशी बसलीय."

पँट अगदी अंगासरशी बसली होती. उभ्या गल्लीला पाठीवरून ओळखणाऱ्या मास्तरांनी आपल्या मित्राला ओळखलं नव्हतं. हा माणूस रोज समोर बसून चहा पीत होता. गालफडं बसलेली, मनगटातलं घड्याळ सैल झालेलं. हे कधी झालं? मास्तर गेले कित्येक दिवस फक्त व्याह्यांकडे बघत होते.

"काढ ती," मास्तर म्हणाले. "एक टाका राहिलाय. पडद्यामागे जा, तिथे टॉवेल आहे."

पडद्यावरून पँट आली. मास्तरांनी ब्लेडने टाका उसवला आणि चिमटीने कुसळं काढली. एवढ्यावर सगळं मिटत होतं. पण पडद्याआडून फ्यूज बोलायला लागला.

"तुला सांगितलं नाही मी. पोटाचं दुखणं निघालंय. व्याह्यांच्याच दुकानातून औषधं आणतो, म्हणून त्यांना कळलं. डॉक्टर म्हणाले, फिरायचं असेल तर आत्ता फिरून या. मग मोठे उपचार सुरू होतील, पुढचं पुढे." तो थोडा थांबला. "तुझ्या हातची पँट घालून जातोय, म्हणजे तू आहेसच की बरोबर."

मास्तरांच्या तळहातावर ती दोन कुसळं होती. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. त्यांनी तो हात पडद्यातून आत घातला.

"हे काय?"

"त्या खिशात होतं. मी घातलं होतं. त्यांना उतरू देऊ नये म्हणून."

मास्तरांच्या तळहातावरून कुसळं उचलली गेली. मग फ्यूज म्हणाला, "आणि ते बोटीत अडकले असते, तर मी त्यांना सोडून कासवं बघत हिंडलो असतो, असं वाटलं तुला?"

मास्तरांच्या पोटातलं ओठावर आलंच. "तू मला एकदा विचारायचं तरी होतंस. चल म्हणून."

"दरवर्षी काय करत होतो रे मग?" फ्यूज शांतपणे म्हणाला. "या वेळी विचारलं असतं, तर तू पुढच्या वर्षी म्हणाला असतास. ते मला ऐकवलं नसतं."

मास्तर पडद्याला धरून उभे राहिले. आतून हात बाहेर आला. "दे पँट. टॉवेलवर बसलोय."

"थांब," मास्तर म्हणाले. गळ्यातली टेप काढून ते पडद्याआड गेले आणि खाली बसून त्यांनी ती फ्यूजच्या कंबरेभोवती फिरवली. पहिल्यांदाच. टेपचं टोक पार पलीकडे गेलं. आकडा वाचायला मास्तरांना दोनदा चष्मा पुसावा लागला.

"आता कशाला माप?" फ्यूज म्हणाला. "सकाळी बोट आहे."

"व्याह्यांना त्यांची पँट परत दे. तुझी घेऊन ये, संध्याकाळपर्यंत आत घेऊन देतो."

फ्यूजने पँट चढवली, कपबशी विसळून ठेवली, कॅलेंडरच्या पानावरच्या कासवाकडे एकवार बघितलं आणि निघाला. तो पायरी उतरल्यावर मास्तर दारात आले.

"फ्यूज," त्यांनी हाक मारली. "खिडकीत तू बस. त्यांना बसू देऊ नकोस."