बँकेच्या भिंतीतलं झाड

तिला सगळी वस्ती भोंगा म्हणायची. शाळेत माइक बंद पडला की सर तिलाच स्टेजवर उभं करायचे, यावरून काय ते समजा. म्हणूनच बसडेपोमागच्या मोकळ्या जागेत जंगल लावायचं ठरलं, तेव्हा माणसं गोळा करायचं काम तिच्याकडे आलं. तिने ते असं केलं, की ज्यांनी जन्मात कुंडीला पाणी घातलं नव्हतं तेही फावडी घेऊन हजर झाले.

जंगल केवढं, तर शाळेच्या प्रार्थनेच्या हॉलएवढं. पण जीवशास्त्राच्या सरांनी त्याचा नकाशा एखाद्या किल्ल्याचा असावा तसा काढला होता. झाडं सगळी इथलीच, दहा जातींची, दाट लावायची. उंच वाढणाऱ्याशेजारी बुटकं, बुटक्याशेजारी झुडूप. दोन उंच शेजारीशेजारी आली की उन्हासाठी भांडणार आणि दोघंही खुरटणार.

रोपांना प्लास्टिकच्या चिठ्ठ्या नकोत, कागदाच्या लावू, ही कल्पना भोंग्याची. चारशे चिठ्ठ्यांवरचं सुबक अक्षर तिचं, रंगीत स्केचपेनही तिचे. आणि आदल्या संध्याकाळी रोपं सुकू नयेत म्हणून नळी धरून त्यांना मनसोक्त आंघोळ घातली, तीही तिनेच.

सकाळी येऊन पाहते तर चिठ्ठ्यांवर नुसते निळे-गुलाबी ओघळ.

कुंपणापाशी साठ माणसं बाह्या सरसावून उभी. सर एकेक रोप उचलून पाहत होते आणि खाली ठेवत होते. मोठं झाड त्यांनी शंभर पावलांवरून ओळखलं असतं, पण या वीतभर पोरांना ना फूल ना फळ. नर्सरीवाल्याचा फोन बंद. शेवटी सर हळूच म्हणाले, की अंदाजाने लावलं तर जंगल होणार नाही, नुसती गर्दी होईल. लोकांना घरी पाठवलेलं बरं. एकदा परत गेलेली माणसं पुन्हा येत नाहीत, हे दारोदार फिरलेल्या भोंग्याइतकं कुणाला कळणार? सगळ्यांना सांगायला ती खुर्चीवर चढली खरी, पण त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या तोंडून शब्द फुटेना.

तेवढ्यात मागून कुणीतरी पुटपुटलं, "हे तर बँकेच्या भिंतीतलं."

भोंग्याची आई होती. पहाटेपासून चार रस्ते झाडून, हातात खराटा तसाच घेऊन, लेकीचा कार्यक्रम बघायला आली होती आणि कुंपणाबाहेरच थांबली होती. वीस वर्षं ती हेच रस्ते झाडत होती. झाडायचं तर होतंच, शिवाय भिंतीच्या भेगांत, गटाराच्या कडेला, फुटपाथच्या फटीत जे जे उगवेल ते उपटायचं, हेही तिचंच काम.

भोंगा खुर्चीवरून उडी मारून धावली. आई मागे सरली. एवढ्या शिकलेल्या माणसांत आपण काय बोलायचं, आपल्याला झाडांची नावंसुद्धा ठाऊक नाहीत, असं म्हणू लागली.

"नाव सर सांगतील गं," भोंगा म्हणाली. "तू फक्त पत्ता सांग."

आई उकिडवी बसली. पान चुरगळून वास घेतला. हे दवाखान्याच्या गटारातलं, उपटताना हात सोलून काढतं. हे पोस्टाच्या पायरीखालचं. पत्ता मिळाला की सरांना त्या जागेजवळ उभं असलेलं मोठं झाड डोळ्यांसमोर यायचं आणि ते नाव लिहायचे. एके ठिकाणी मात्र ते अडले. दोन ट्रेमधली रोपं त्यांना अगदी जुळी वाटत होती.

"दिसतात सारखी," आई म्हणाली, "पण हे बोटाने निघतं. त्याला मात्र दोन्ही हात लावावे लागतात. ते आधी खाली जातं, मग वर येतं."

सरांनी दोन्ही पिशव्या फाडल्या. एकाची मुळं केसांसारखी विस्कटलेली, तर दुसऱ्याचं एकच सोटमूळ सरळ तळाला जाऊन वळलेलं. सर आईसाठी खुर्ची ओढत घेऊन आले आणि स्वतः मातीत मांडी घालून बसले.

शेवटच्या ट्रेपाशी आईने पान दोनदा चुरगळून पाहिलं. आता गाडी अडली, असं कोपऱ्यावरचे शिंपीकाका कुजबुजलेसुद्धा. मग आई म्हणाली, "हे आपल्या रस्त्यांवर मी कधीच उपटलेलं नाही."

सरांनी तो ट्रे बाजूला ठेवला आणि फावडी चालू झाली. नर्सरीवाल्याचा फोन आला तो दुपारी, ओशाळलेल्या आवाजात. बंगल्यासाठी मागवलेल्या परदेशी शोभेच्या रोपांचा एक ट्रे चुकून तुमच्याकडे आलाय, म्हणाला. भोंग्याने ही बातमी अशी पुकारली, की डेपोतले ड्रायव्हर बसमधून खाली उतरले. शिंपीकाकांनी मुकाट्याने आईला पाणी आणून दिलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. रोपं भोंग्याच्या डोक्यावर गेली आहेत. चिठ्ठ्या पत्र्याच्या आहेत, खिळ्याने कोरलेल्या. वर सरांनी सांगितलेलं नाव, खाली आईने सांगितलेला पत्ता. दुसऱ्या शाळांची मुलं जंगल बघायला येतात, तेव्हा फाटकापासून भोंगाच माहिती देत सुटते. पण बँकेच्या भिंतीतलं झाड आलं की ती गप्प होते आणि आईला पुढे करते.

आई एकदा बोलायला लागली की तासभर थांबत नाही. पोरगी कुणावर गेली आहे, ते वस्तीला आत्ता कळलं.