खाली उतरलेली रेषा

मी एक रेषा बोलतेय. हिरवी, बारीक, कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात सरकणारी. हसू नका. भंगारात निघालेला अख्खा कॉम्प्युटर मी परत खेचलाय, तेव्हा जरा मान देऊन ऐका.

माझं घर सीमाभागातल्या अनगोळात. तिथं भैरवी घरी बसून कागदांची भाषा बदलून देते. खानापूरकडची माणसं येतात. सरकारी ऑफिसातनं आलेला कागद कन्नडात असतो, तो ती मराठीत करते. त्यांचं म्हणणं मराठीत ऐकून उत्तर कन्नडात टाईप करते. दिवसभर या भाषेतनं त्या भाषेत तिची येजा चाललेली.

पण दुपार झाली की कॉम्प्युटर अडून बसायचा. बटण दाबावं, चहा पिऊन यावं, तेव्हा अक्षर उमटायचं. तिचा नवरा आशिष वैतागला. हे डबडं रविवारी भंगारात देऊ आणि नवीन आणू, म्हणाला. भैरवी नको म्हणाली. तिचं टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालणार नव्हतं, दुकानदारानं तसं स्पष्ट सांगितलेलं. म्हणजे इतक्या वर्षांचं काम तिला उघडताच येणार नव्हतं.

तिनं खानापूरला बहिणीला, रचनाला फोन लावला. रचना कॉम्प्युटरमधली जाणकार. तिनं फोनवरनंच एक छोटा प्रोग्राम बसवून घेतला, आणि मी जन्मले. मेमरी किती भरली ते सतत दाखवत राहायचं, हे माझं काम. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. ओटा भरला की पोळी लाटायला जागा उरत नाही. मी वर चढले की ओटा भरत चाललाय.

आशिषनं सकाळी मला पाहिलं. मी तळाशी होते. "मेमरी रिकामीच आहे की! मशीनच गेलंय," म्हणाला. दुपारी पाहिलं, मी टोकाला. मग म्हणे मेमरीच कमी आहे. असा राग आला मला! दोनदा डोकावून गेला आणि दोन्ही वेळा निकाल देऊन मोकळा. अरे बाबा, मी रेषा आहे, जरा थांबून बघ तरी.

भैरवी थांबली. शनिवारी तिनं दिवसभर काम करता करता एक डोळा माझ्यावर ठेवला. मी सरळ चढत नव्हते, पायरी पायरीनं चढत होते. आणि प्रत्येक पायरी ती भाषा बदलायची तेव्हाच पडत होती. तिनं मुद्दाम कन्नड उघडलं, मी चढले. ते बंद करून मराठी उघडलं, पुन्हा चढले. ती खुर्चीतच ताठ झाली.

तिची सवय अशी, की मराठी झालं की फुलीवर दाबायचं आणि कन्नडच्या चित्रावर टिचकी मारायची. पण पडद्याचा कोपरा शोधला तेव्हा तिला दिसलं, त्या फुलीनं सॉफ्टवेअर बंद होतच नव्हतं. ते नुसतं तिथल्या घड्याळाशेजारी लपून बसायचं, आणि दर टिचकीला त्याची नवीन प्रत उघडायची. निरोप दिलेले सगळे पाहुणे आतच ठाण मांडून होते!

तिनं आशिषला हाक मारली. त्याच्यामागनं तिचे सासरे रघुवीरअप्पाही आले.

"अहो, फक्त हिच्याकडं बघा," म्हणाली.

मग तिनं लपलेली एकेक प्रत खरोखर बंद केली. मी उतरू लागले. काय सांगू तो आनंद! सगळी चढायला धडपडतात, मी उतरताना धन्य झाले. शेवटची प्रत गेली आणि मी थेट सकाळच्या जागी येऊन टेकले. भैरवीनं बटण दाबलं, अक्षर तिथल्या तिथं उमटलं.

अप्पा म्हणाले, "लई भारी केलंस गं. आता ह्यो कुठं जायचा न्हाय."

आशिषनं स्वतःच भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. भैरवी तेवढ्यात पुढचा कागद घेऊन बसलीसुद्धा.

आता दोन्ही भाषा एकेकदाच उघडतात आणि दिवसभर शेजारी शेजारी नांदतात. मी दुपारीही सपाट असते. कुणी माझ्याकडं फारसं बघत नाही, तरी भैरवीनं मला काढून टाकलेलं नाही. एवढंच मागते: कुणी दुपारी थकून अडून बसलं, तर लगेच भंगारात काढू नका. सकाळपासून त्याच्यावर काय काय चढत गेलं, ते एक दिवस शेजारी बसून बघा.

ती बघा, भैरवीनं कन्नडातनं मराठीत उडी मारली. आणि मी? जागची हललेसुद्धा नाही.