मरीआईचा गाडा आत आला

मरीआईचा गाडा पहाटेच कुणीतरी दवाखान्याच्या फाटकात आडवा सोडून गेलं. गावात पटकी शिरली की देवीला गाड्यात बसवायचं, लिंबं, बांगड्या, हिरवं लुगडं वाहायचं आणि गाडा शिवेपार लोटून मोकळं व्हायचं, ही जुनी रीत. पण त्र्याहत्तरच्या त्या दुष्काळात साऱ्याच गावांना पटकी. पलीकडचे लोक शिवेवर काठ्या घेऊन उभे. मग गावानं दवाखान्यालाच शीव मानलं.

सत्यभामा सिस्टर नऊ दिवस घरी गेली नव्हती. चुन्याच्या पाण्यानं बोटांची सालटं निघाली होती. सकाळी खाटेवरची सहा वर्षांची केशर तिचा पदर मुठीत धरूनच दगावली. ती मूठ सोडवताना सत्यभामाच्या डोळ्यांत टिपूस आला नाही, आणि याचीच तिला धास्ती बसली. तेव्हापासून तिनं नाव विचारणं सोडलं. नुसते खाटांचे आकडे: तीन नंबर, सात नंबर. नाव कळलं की माणूस उशाशी येऊन बसतं.

बाहेर गुंडप्पाचा पाण्याचा टँकर थांबला. आत येईना.

"गुंडप्पा, आत घ्या की! पातेलं कोरडं पडलंय, मीठ-साखरेचं पाणी कशाचं करू?"

"न्हाय बा सिस्टर. आईला वलांडून म्या येत न्हाय. लेकरंबाळं हायेत मला."

"आत काय दगडं निजलीत?"

गुंडप्पानं नजर चुकवली. "गाडा तेवढा पल्याड वढा. तुमच्याच लोकांचं काम हाय न्हवं ते?"

सत्यभामाची नजर गाड्याच्या दोरावर गेली. माहेरी, बेंबळी गावात, तिचा बाप असाच गाडा ओढायचा. लोटणारं गाव मागं, रोग अंगावर घेणारा तो पुढं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली त्यानं दोर फेकला. "आपल्या घरचा हात पुन्हा याला लागायचा न्हाय," म्हणाला. आणि आज आत सात नंबरचे ओठ चिकटत चालले होते.

तिनं पदर खोचला. "मथुरामावशी, घागरी आणा. सगळ्या."

मथुराबाई आया देवभोळी. तिनं गाड्यासमोर हात जोडले, मूर्ती पोटाशी धरली आणि कडुलिंबाच्या सावलीत नेऊन ठेवली. "आई, जरा बस हितं. लेकरं तान्हेली हायेत."

टँकरची नळी सोडून घागरी भरल्या, गाड्यात चढवल्या. सत्यभामानं दोर हातात घेतला.

"सिस्टर, कोप व्हईल!" गुंडप्पा ओरडला.

"होऊ द्या! माझा बाप हा गाडा भायेर वढायचा, तुमच्यासाठी. म्या आत वढणार, माझ्या रोग्यांसाठी. आन् भ्या वाटत आसंल तर तोंड फिरवा. पानी तेवढं सोडत ऱ्हावा!"

चाकं कुरकुरली. मागून गाडा लोटता लोटता मथुराबाईनं जात्यावरचा सूर धरला:

"आलं गं मरण दारी, त्याला बसविलं अंगणात,
पानी पितंया लेकरू, गुंतला गं माझा हात."

दुसऱ्या खेपेला ओझं अचानक हलकं झालं. सत्यभामानं वळून पाहिलं. चपला टँकरपाशी काढून गुंडप्पा मागं खांदा लावत होता. तिनं दोर पुन्हा ताणला.

पाणी उकळलं, निवलं. सात नंबरच्या म्हातारीच्या ओठाला तिनं वाटी लावली. एक घोट, दुसरा घोट. आणि सकाळपासून कुठं अडकलं होतं कोण जाणे, सत्यभामाच्या डोळ्यांतून घळाघळा वाहू लागलं. वाटी मात्र हलू दिली नाही.

"आजी," ती म्हणाली, "नाव काय तुमचं?"

म्हातारीनं घोट गिळला. "गजरा."

"गजराबाई, अजून प्या. सगळी वाटी संपवायची."