खापरावरचा ठिपका

दाळमंडईमागच्या गल्लीतल्या दुकानावर पाटी होती, 'कानिफनाथ पेंटर'. ती त्याने स्वतः रंगवली होती आणि दर दसऱ्याला तो तिची अक्षरं पुन्हा गिरवायचा. माणसं त्याची, शिड्या त्याच्या, कामंही तोच ठरवायचा. फक्त रंग बायको मिसळायची.

मनकर्णाची रीत ठरलेली होती. भिजलेल्या चुन्यात पिवडीची पिवळी माती कालवून झाली की ती खापराच्या तुकड्यावर एक ठिपका द्यायची आणि खापर मागच्या दारी सुतळीला टांगायची. चार दिवसांनी ठिपका बघून मगच पिंप कामावर जायचं. ऐन लगीनसराईत या चार दिवसांवरून कानिफनाथाची रोज चिडचिड व्हायची.

एकाहत्तरच्या फेब्रुवारीत मालनबाई दुकानात आल्या. कापडबाजारात त्यांचं तीन मजली घर होतं आणि मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. कानिफनाथाने खुर्ची पुढे केली, पण त्या उभ्याच राहिल्या.

"मनकर्णाबाई आहेत का?"

"मी हाय की. बोला."

"रंगाचं त्यांच्याशीच बोलते. ब्रश काय, कुणीही मारतो."

शिडीवर काम करणारा जुना माणूस दिलावर डबे पुसत होता. तो हसला. "उस्ताद, पाटी बदला आता."

"तू डबे पूस," कानिफनाथ म्हणाला.

मनकर्णाने एका पिंपात सगळ्या दर्शनी भिंतीचा रंग केला. ताकात चिमूटभर हळद उतरावी तसा. वरचे दोन मजले सोमवारी पुरे झाले. उरलेला रंग झाकून ठेवून माणसं दारं-खिडक्यांच्या कामाला लागली. रंग सुकत गेला तशी रस्त्यावरची माणसं थांबून वर बघू लागली. समोरच्या ओट्यावर मालनबाई शेजारणीला सांगत होत्या, "मनकर्णाबाईंचा रंग आहे हा." कानिफनाथ तेव्हा परांचीवर होता. दोराने त्याचे तळहात सोलले होते. उन्हात आठ तास तो तिथे उभा होता आणि ती घरी सावलीत बसली होती. त्या दिवशी तो न जेवताच झोपला.

शुक्रवारी दुपारी दिलावर नमाजाला गेला. कानिफनाथाने इकडेतिकडे पाहिलं, पिंप तिरकं केलं आणि अर्धं पिंप रंग गटारात सोडला.

घरी आल्यावर तो म्हणाला, "परांचीचा बांबू लागला. पिंप कलंडलं."

"मग आज नवा कालवते."

"नको. खालचा मजला मी करतो. ईस वर्सं ह्या धंद्यात हाय मी."

मनकर्णाने त्याच्या कपड्यांकडे पाहिलं. त्यांच्यावर एक शिंतोडाही नव्हता.

शनिवारी सकाळी त्याने रंग कालवला. ओला चुना सुकल्यावर फिका होतो हे त्याला माहीत होतं. म्हणून भिंतीच्या कोपऱ्यात पट्टा ओढला, सुकू दिला, वरच्या मजल्याशी ताडून पाहिला, पिवडी वाढवली, पुन्हा पट्टा ओढला. तिसऱ्या पट्ट्याला रंग जमला. दुपारी तीनपर्यंत खालचा मजला झाला आणि तासाभरात सुकला. मालनबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जोड कुठं आहे, दिसत सुद्धा नाही!"

कानिफनाथ तसाच घरी गेला आणि मनकर्णाला घेऊन आला. बायकोला कामावर नेण्याची ही त्याची पहिलीच वेळ. "बघ. सांग बरं, तुजा कुठं संपला आन् माजा कुठं लागला?"

तिने भिंत पाहिली, मग भिंतीलगतचं गटार पाहिलं. ते वळणापर्यंत पिवळं झालं होतं, पण आजूबाजूच्या जमिनीवर एक थेंबही सांडलेला नव्हता. वाटेवरची एक खापरी उचलून तिने त्याच्या पिंपातल्या रंगाचं बोट त्यावर टेकवलं आणि ती पदरात धरली.

"झ्याक जमलंय," ती म्हणाली.

बुधवारी मालनबाईंचं बोलावणं आलं. पहिल्या मजल्याच्या खाली, घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ रेघ उमटली होती. रेघेच्या वरचा रंग होता तसाच होता. खालचा चार दिवसांत उडून आजाऱ्याच्या तोंडासारखा पांढुरका झाला होता. सुकलेला चुना पुढे चार दिवस फिका होतच राहतो. कानिफनाथाने तासाभरापूर्वी सुकलेला रंग पाच दिवस मुरलेल्या रंगाशी ताडला होता.

"पाव्हणे सोमवारी येणार," मालनबाई म्हणाल्या. "खालचा कुणी केला?"

"तिनंच कालवलावता," कानिफनाथ म्हणाला.

दिलावर चटकन खाली बघू लागला.

"खोटं. मनकर्णाबाईंचा हात असा चुकायचा नाही. त्यांना घेऊन या."

घरी सुतळीला दोन खापरं टांगलेली होती. एकावर तिचा ठिपका होता, दुसऱ्यावर त्याचा. त्याचा पांढुरका पडला होता. खाली एक पिंप झाकून ठेवलं होतं. त्याने झाकण काढलं. आत रंग होता, वर बोटभर नितळ पाणी साचलेला.

"कवा केलास?"

"शनवारी. तुमी मला घरी सोडून गेला तवा."

"म्हंजे तुला तवाच कळलं हुतं?"

"व्हय."

"मंग बोलली का न्हाईस?"

"बोलनार हुते," मनकर्णा म्हणाली. "मग गटार दिसलं."

तो पिंपाशी वाकला आणि एकट्याने उचलू लागला. ते हललं नाही. मनकर्णाने पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूने कडी धरली. आज दुसरा हात मारला तर सोमवारपर्यंत रंग मुरणार होता.

दोघं दाळमंडईतून निघाले. एक हमाल पाठीवरचं पोतं सावरत त्यांना वाट देण्यासाठी बाजूला झाला.

"कुनाचा रंग म्हनायचा?" त्याने विचारलं.

मनकर्णा कडी धरून चालत राहिली. कानिफनाथाने दोन पावलं वाट पाहिली.

"मालनबाईंचा," तो म्हणाला.